उंदरांसाठी जुन्या कपड्यांची झोळी: या चुका टाळा

झोळी म्हटलं की आपल्याला बाळाची झोळी आठवते. जुनं मऊ लुगडं, वर दोरी, मधे खोल पोट. मिरी आणि सुंठ या माझ्या दोन पाळीव उंदीर-माद्यांना झोपायला पिंजऱ्यात टांगलेली पहिली झोळी मी अगदी तशीच बांधली आणि तिथेच चुकले. दोन टोकांवर टांगलेलं कापड वजन पडलं की मिटतं. आत गेलेल्या उंदराला पाय रोवायला जागा मिळत नाही, दुसरा त्याच्या अंगावर घसरतो आणि बाहेर पडायला दोघांनाही धडपडावं लागतं. उंदरांची झोळी चार कोपऱ्यांवर, थोडी सैल आणि उथळ हवी. दोन माद्यांना साधारण ३५ सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. पूर्ण वाढलेली मादी २५० ते ३५० ग्रॅम भरते, नर अर्धा किलोच्याही वर जातो, आणि हे प्राणी एकमेकांवर रचून झोपतात. त्यामुळे झोळी एका उंदराच्या मापाची कधीच करू नका. मुळात उंदीर एकटा पाळूही नये.

धागा: सगळ्यात धोक्याची चूक

बाकीच्या बऱ्याच चुकांनी झोळी वाया जाते, या चुकीनं पाय जाऊ शकतो. म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

जुना टर्किश टॉवेल मऊ असतो, पाणी शोषतो, घरात हमखास सापडतो. पण त्याच्या अंगभर सुताचे बारीक फास असतात आणि उंदराची नखं वळलेली, सुईसारखी टोकदार. नख फासात अडकलं की उंदीर घाबरून गोल फिरतो आणि सूत बोटाभोवती आवळत जातं. सुंठच्या मागच्या पायाचं असंच झालं. सकाळी पाहिलं तर बोट सुजून लाल झालेलं, आणि सूत इतकं रुतलेलं की उजेडात धरल्याशिवाय दिसेना. नशिबानं वेळेत लक्षात आलं.

असं झालं तर सूत ओढू नका, ओढल्यावर ते आणखी आवळतं. उंदराला फडक्यात गुंडाळून कुणाला तरी धरायला सांगा आणि बोथट टोकाच्या छोट्या कात्रीनं धागा कापा. बोट निळं-काळं पडलं असेल किंवा धागा कातडीखाली गेल्याची शंका असेल, तर घरी उपाय करत बसू नका, थेट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा.

हाच धोका हातानं विणलेल्या स्वेटरमध्ये असतो, साडीच्या पदराच्या दशांत असतो आणि जीन्सच्या कापलेल्या कडेतही असतो. विणलेलं लोकरीचं काहीही मी वापरत नाही. सुती कापडाची कड दोनदा दुमडून, आत घेऊन, बारीक टीप मारायची. हातानं शिवत असाल तर धावदोऱ्याचे लांब टाके नकोत, कारण त्यातही नख अडकतं. फ्लीसचं, म्हणजे थंडीच्या कपड्यांच्या मऊ लवदार कापडाचं, जुनं जॅकेट किंवा शाल मिळाली तर उत्तम. फ्लीस कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कड नुसती सोडली तरी चालते.

ट्रंकेतला कपडा तसाच वापरणं

आपल्याकडे जुने कपडे डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवतात. त्यातल्या बहुतेक गोळ्या नॅप्थलीनच्या असतात, आणि नॅप्थलीनच्या वाफेनं उंदरांच्या नाकातल्या अस्तराला इजा होते हे प्रयोगशाळेतल्या उंदरांवर दिसून आलेलं आहे. उंदराची श्वसनसंस्था मुळातच नाजूक असते. बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू असतो आणि निमित्त मिळालं की शिंका, घरघर सुरू होते. गोळ्यांचा वास असलेला कपडा दोन-तीनदा धुवून, बरेच दिवस उन्हावाऱ्यात ठेवूनही वास राहिला, तर तो सोडून द्या. दुसरा जुना कपडा घरात नक्की असतो.

कापण्याआधी कपड्यावरची बटणं, चेन, हुक, टिकल्या, जरीचं काम आणि छापील रबरी चित्रं काढून टाका. इलास्टिक आणि नाडी तर पहिल्यांदा काढायची, कारण कुरतडलेलं इलास्टिक गिळलं जाऊ शकतं.

मऊ व्हावी म्हणून आत भरण घालणं

उशीतला पॉलिस्टरचा कापूस किंवा साधा कापूसही झोळीत भरू नका. उंदीर अस्तर फाडून तो बाहेर ओढतात. त्याचे तंतू पायांत गुरफटतात आणि गिळले तर आतड्यात अडकू शकतात. जाडी हवी असेल तर कापडाचेच दोन-तीन थर घ्या.

टांगायला सुतळी, रिबन, सेफ्टी पिन

सुतळी एका रात्रीत कुरतडली जाते आणि तिच्या उरलेल्या टोकांचे पुन्हा फास होतात. सेफ्टी पिन ओझ्यानं उघडते. मी कोपऱ्यांना जीन्सच्या कापडाचे तुकडे लावून शिंप्याकडून आयलेट, म्हणजे भोकाभोवतीच्या धातूच्या गोल चकत्या, ठोकून घेते आणि पडद्याच्या धातूच्या कड्यांनी झोळी पिंजऱ्याच्या गजांना अडकवते. कडी नसेल तर कागद धरायची मोठी काळी क्लिप चालते, फक्त ती घट्ट बसली आहे ना हे रोज बघावं लागतं.

झोळी लोंबते किंवा एका बाजूला कलते

टी-शर्टचं होजिअरी कापड ताणतं. चार दिवसांत झोळीची पिशवी होते. खाली जुन्या चादरीचा थर शिवला की हे थांबतं. चादरही उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापा. तिरकी कापली तर तीही ओढली जाते, आणि मग कितीही कड्या बदलल्या तरी एक कोपरा खालीच राहतो.

फार उंच टांगणं

उंदरांची नजर कमजोर असते, लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदरांची तर फारच. अंतराचा अंदाज घ्यायला ते डोकं डावी-उजवीकडे डोलवतात. अर्धवट झोपेत पाय चुकला तर खाली काहीतरी हवं. म्हणून झोळीखाली ३० सेंटिमीटरच्या आत फळी, दुसरी झोळी किंवा कागदाच्या तुकड्यांचा जाड थर ठेवा.

बारा महिने एकच कापड

फ्लीस थंडीत छान, पण एप्रिल-मेमध्ये नको. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी शेपटीतून बाहेर टाकतो. पारा ३०च्या वर गेला की त्याला त्रास व्हायला लागतो, आणि नागपूर-जळगावकडचा उन्हाळा तर आपल्यालाही सोसत नाही. तेव्हा पंचा किंवा धुवून धुवून विरलेलं धोतर एकेरी वापरावं. ते फाटतं लवकर, पण हवा खेळती राहते.

रंगाबद्दल माझं ठाम मत आहे: वरचा थर फिक्या रंगाचा ठेवा. उंदीर आजारी असला किंवा ताणात असला की डोळ्यांतून, नाकातून तांबडा स्राव येतो. तो रक्तासारखा दिसतो, पण ते पॉर्फिरिन नावाचं तांबडं रंगद्रव्य असतं. काळ्या-मरून कापडावर तो डाग कळतही नाही, पांढऱ्या पंचावर सकाळी लगेच दिसतो. मिरीचं दुखणं मला असंच दोन दिवस आधी कळलं होतं.

कुरतडलेलं भोक तसंच ठेवणं

कुरतडण्याबद्दल तक्रार नाही, उंदरांचे पुढचे दात जन्मभर वाढतात आणि झिजवावेच लागतात. पण डोकं जाईल आणि खांदे अडकतील एवढं भोक पडलं तर उंदीर त्यात फासात सापडल्यासारखा अडकतो. असं भोक दिसलं की शिवायचं, नाहीतर मुठीएवढं मोठं कापून त्याचं दार करायचं. दोन थरांच्या पिशवीसारख्या झोळीत हे जास्त होतं, म्हणून तिचं तोंड आधीपासूनच रुंद ठेवा.

धुण्यातल्या चुका

उंदीर चालता चालता मुताचे थेंब सोडत जातात, ती त्यांची खूण असते. मूत साठलं की अमोनियाचा वास येतो आणि तो त्यांच्या छातीला वाईट. झोळी तीन-चार दिवसांनी बदलावी, पण सगळ्या एकदम नकोत. स्वतःचा वास अचानक नाहीसा झाला की ते दुप्पट खुणा करतात. एक धुवायची, एक तशीच ठेवायची. साबण बिनवासाचा, पाणी दोनदा. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्यानं कापडाची शोषण्याची ताकद कमी होते आणि सुगंधानं शिंका येतात. वास गेला नाही तर शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर. धुण्याआधी घड्या झटकून बघा, उकडलेल्या अंड्याचा तुकडा लपवलेला सापडतोच.

नवी झोळी, आणि कुणी तिच्याकडे फिरकत नाही

बहुतेकदा कारण वासाचं असतं. जुन्या अंथरुणातले कागदाचे दोन-चार तुकडे आणि सूर्यफुलाच्या बिया आत टाका, पहिले काही दिवस झोळी पिंजऱ्याच्या खालच्या मजल्यावर ठेवा आणि हातानं उचलून आत बसवू नका.

वय झाल्यावर मात्र झोळी कायमचीच खाली आणावी लागते. उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, आणि शेवटी अनेकांचे मागचे पाय अशक्त होतात. चढता येत नाही तरी ते सवयीनं वरच्या झोळीकडे जातात आणि पडतात. सुंठचं तसं व्हायला लागलं तेव्हा मी झोळी तळापासून चार बोटांवर बांधली, पुढची कड सैल सोडून जमिनीला टेकवली आणि तिच्या घसरणाऱ्या पायांना पकड मिळावी म्हणून उतारावर जीन्सचा तुकडा शिवला. वरची झोळी मी मिरीसाठी तशीच ठेवली होती. दुसऱ्या रात्रीपासून तीही खालीच झोपायला आली.