नागपूरच्या उन्हात युरोपीय बिअर जमवताना

नागपुरात युरोपीय बिअरचा छंद जोपासायचा असेल, तर बाटली विकत घेण्याआधी ती मे महिन्यात कुठे राहणार या प्रश्नाचे उत्तर हाताशी असावे लागते. मे २०१३ मध्ये या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता; एरवीही नवतपात ४५ अंशांचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. बिअरच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे: ३ अंशांवर ठेवलेली बिअर ३०० दिवसांत जितकी उतरते, तितकीच ती २२ अंशांवर ३० दिवसांत आणि ३२ अंशांवर अवघ्या ३ दिवसांत उतरते. हा हिशेब हलक्या, ताज्या बिअरसाठी आहे हे खरे, पण त्यावरून एक गोष्ट उघड होते की बेल्जियममध्ये तळघरात बाटल्या रचून ठेवण्याची जी रीत आहे, ती येथे जशीच्या तशी चालणार नाही. येथील संग्रह ऋतूप्रमाणे भरावा आणि रिकामा करावा लागतो. दिवाळीनंतर बाटल्या आणाव्यात, थंडीत त्यांचा आस्वाद घ्यावा आणि होळीपर्यंत फ्रिजमध्ये मावतील तेवढ्याच शिल्लक ठेवाव्यात.

हे शहाणपण मला नुकसानीतून आले. काही वर्षांपूर्वी मी सहा बाटल्या पश्चिमेच्या भिंतीलगतच्या लाकडी कपाटात, अंधार आहे एवढ्याच समाधानावर, उन्हाळाभर ठेवल्या होत्या. दिवाळीत पहिली उघडली तेव्हा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि चवीत हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या वेलफुलांचा) कडवटपणा नावालाही उरला नव्हता. बाटलीत राहून गेलेला थोडासा प्राणवायू उष्णतेच्या मदतीने हे काम करतो. उरलेल्या पाचही बाटल्यांची तीच गत झाली होती.

खरेदी करताना किंमत पाहण्याआधी तारीख पाहावी. आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचे पांढरे स्टिकर असते आणि ते पुष्कळदा मूळ तारखेवरच चिकटवलेले असते; म्हणून मानेवर, तळाशी आणि झाकणालगतही नजर टाकावी. युरोपीय तारखेत आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असते. बिअर शॉपीच्या दर्शनी काचेत उन्हात मांडलेली बाटली कितीही देखणी दिसली तरी घेऊ नये. दुकानदाराला आतल्या फ्रिजमधली मागावी. हॉप्समधील कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की गंधकयुक्त संयुग तयार होते आणि बिअरला जळक्या रबरासारखा उग्र वास येतो. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारच थोडा आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. या बाबतीत ॲल्युमिनियमचा कॅन सर्वांत निर्धोक असतो, जरी संग्राहकांना तो उगाचच हलक्या कुळातला वाटतो.

कायद्याची बाजूही आधीच नीट करून घ्यावी. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि मद्य बाळगण्यासाठी परवाना लागतो. घरी किती साठा ठेवता येतो ती मर्यादा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून समजून घ्यावी, कारण संग्रह या शब्दाला कायद्यात सवलत नाही. दुसरे असे की आपल्या शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे आणि समृद्धी महामार्गही त्यातूनच जातो. त्यामुळे मुंबई-पुण्याहून मोटारीत बाटल्या घालून आणण्याचा मोह टाळलेला बरा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला शुल्काविना दोन लिटर मद्य आणता येते, म्हणजे ३३० मिलिलिटरच्या बरोबर सहा बाटल्या. त्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून आणि उभ्या राहतील अशा बेताने ठेवायला सांगाव्यात.

आता त्या सहा बाटल्या कोणत्या, हा यातला सर्वांत रसाळ प्रश्न आहे. ज्या बिअरचे सारे सौंदर्य ताजेपणात आहे, ती लांबून मागवून जपून ठेवण्यात अर्थ नाही. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल याने चेक प्रदेशातल्या प्ल्झेन गावी, तिथल्या मृदू पाण्यात आणि साझ जातीच्या हॉप्समध्ये जी सोनेरी लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) घडवली, तिच्या वंशातील प्रत्येक पिल्सनर मिळाल्यावर लवकरात लवकर पिऊन टाकावी. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा जो सुगंध येतो, तो केळे किंवा लवंग घातल्यामुळे येत नाही, यीस्टमुळे येतो, आणि काही महिन्यांत मावळतो. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध नियमाप्रमाणे बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांशिवाय काहीच चालत नव्हते. गंमत अशी की ज्या यीस्टवर हा सारा खेळ चालतो, त्याचा त्या नियमात उल्लेखच नव्हता.

ठेवण्याजोगी बिअर ओळखण्याच्या ढोबळ खुणा तीन आहेत: मद्यांश आठ टक्क्यांच्या वर असावा, रंग गडद असावा किंवा चव मुळातच आंबट असावी, आणि बाटलीत जिवंत यीस्ट असावे, कारण ते उरलेला प्राणवायू काही अंशी खाऊन टाकते. बेल्जियमच्या ट्रापिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मठांच्या बिअर या कसोटीला उतरतात. रोशफोर १० मध्ये ११.३ टक्के मद्यांश असतो आणि शिमेच्या निळ्या लेबलच्या बाटलीत ९ टक्के. थंड जागी दोन-चार वर्षांत त्यांच्यात खजूर, मनुका आणि जुन्या गुळाची छटा येते. ऑरवाल ६.२ टक्क्यांचीच, पण तिच्यात ब्रेटानोमायसिस नावाचे हट्टी रानटी यीस्ट असल्याने ती महिन्यागणिक बदलत जाते. हिच्या दोन बाटल्या घेऊन एक लगेच आणि दुसरी वर्षाने उघडावी, तेवढ्याने जुनवणे म्हणजे काय ते पुरते कळते. ब्रसेल्सच्या परिसरात हवेतल्या यीस्टवर आंबवलेल्या लांबिकचे एक, दोन आणि तीन वर्षांचे साठे मिसळून जी ग्यूझ तयार होते, ती तर दशकभर टिकते. माझी निवड विचाराल तर सहापैकी तीन ऑरवाल, दोन रोशफोर आणि एक ग्यूझ.

घरी साठवणीसाठी माळा, स्वयंपाकघर आणि गच्चीखालची खोली या जागा बाद समजाव्यात. कूलरच्या खोलीत तापमान थोडे उतरते, पण दमटपणाने लेबले सुटतात आणि बुरशी धरतात. एखादा जुना लहान फ्रिज या कामासाठी वेगळा ठेवून, बाहेरून तापमान नियंत्रक जोडून तो १२ अंशांच्या आसपास राखावा. तसे जमत नसल्यास नेहमीच्या फ्रिजचा खालचा, दारापासून दूरचा कोपरा पुरेसा आहे. बाटल्या उभ्याच ठेवाव्यात, म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि हवेशी संपर्क येणारा पृष्ठभागही लहान राहतो. वीज गेली तर दार उघडू नये, इतके साधे पथ्य पाळले तरी दोन-तीन तास निभावतात.

पिताना आपण सर्वांत मोठी चूक करतो ती बर्फगार करण्याची. पिल्सनर ५ ते ७ अंशांवर खुलते, परंतु गडद बेल्जियन एलला (लागरपेक्षा उबदार तापमानावर आंबवलेल्या बिअरला) १० ते १४ अंश हवेत. त्यासाठी बाटली फ्रिजमधून काढून डिसेंबरात अर्धा तास आणि मे महिन्यात जेमतेम दहा मिनिटे बाहेर ठेवावी. ग्लासला तेलाचा अंश राहिला तर फेस क्षणात बसतो, म्हणून तो भांड्यांच्या घासणीने न घासता वेगळ्या स्पंजने धुवावा आणि ओतण्याआधी थंड पाण्याने विसळावा. ग्लास तिरका धरून ओतायला सुरुवात करावी, निम्मा भरल्यावर सरळ करावा आणि दोन बोटे फेस येऊ द्यावा. बेल्जियन एलचा शेवटचा सेंटिमीटरभर गाळ बाटलीतच सोडावा. गव्हाच्या बिअरमध्ये मात्र तोच गाळ हलवून मुद्दाम ओततात. रोशफोर १० च्या एका छोट्या बाटलीत आपल्या पाच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीपेक्षा जास्त मद्य असते, याचा हिशेब ठेवून ती दोघांत वाटून घ्यावी.

जोडीला काय ठेवावे, याबाबत नागपूरकर नशीबवान आहेत. बेल्जियमच्या विटबिअरमध्ये, म्हणजे तिथल्या गव्हाच्या बिअरमध्ये, धने आणि संत्र्याची वाळलेली साल पडते. ही बिअर जवळजवळ नामशेष झाली होती. हूगार्डन गावात पियेर सेलिस यांनी १९६६ मध्ये तिला पुन्हा जिवंत केले. संत्र्यांच्या शहरात, जिथे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, तिथे सांबारवडीसोबत ती प्यायल्यावर दोन्हींची ओळख जुनी असल्यासारखी वाटते. सावजी रश्श्यापुढे कडवट पेल एल घेऊ नये, कारण हॉप्सचा कडवटपणा, मद्य आणि बुडबुडे मिळून तिखटाची आग भडकवतात. तिथे म्युनिकची गोडसर डुंकेल (गडद लागर) किंवा मठातली दुबेल (गडद एल) जिभेला सावरते.

मोजक्या बाटल्यांच्या या बंधनामुळे माझा खरा संग्रह हळूहळू कागदाकडे वळला. रिकामी बाटली धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवली की खळीने चिकटवलेले लेबल सकाळी आपोआप सुटते. स्वयंचिकट लेबलासाठी बाटलीत गरम पाणी भरून कोपरा अलगद उचलावा. लेबल दोन टीपकागदांमध्ये जड पुस्तकाखाली वाळवून वहीत लावावे आणि शेजारी खरेदीची व उघडण्याची तारीख, ती कुठे ठेवली होती ते आणि चवीच्या दोन ओळी लिहाव्यात. झाकणे आणि ग्लासाखालचे पुठ्ठ्याचे कोस्टरही जमवता येतात. ड्रेस्डेनच्या रोबर्ट स्पुटने लाकडाच्या लगद्याच्या कोस्टरचे पेटंट १८९२ मध्ये घेतले आणि त्याच वर्षी बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने दातेरी झाकणाचे. कोस्टर ओल लगेच शोषून घेतात, म्हणून मृगाच्या आधीच ते घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवून द्यावेत.