ट्रायकोडर्मा लावूनही हरभरा का मरतो? बीजप्रक्रियेतल्या या चुका टाळा

पुडीत पांढुरकी पावडर दिसते, पण ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे. ओल मिळाली की तिचे बीजाणू उगवतात, मुळासोबत वाढतात आणि मर (उभं झाड सुकवणारा रोग) किंवा मूळकुज आणणाऱ्या बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालून त्यांना विरघळवतात. जिवंत वस्तू म्हणून तिला वागवलं नाही, तर बियाण्याला नुसती शंखजिऱ्याची भुकटी लागते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकाच घमेल्यात कालवणं. विदर्भात दर रब्बीला हे पाहायला मिळतं. चाफा वाणाच्या हरभऱ्याचं घरचं बी, कृषी केंद्रातून आणलेल्या दोन्ही पुड्या, ट्रॅक्टरवाला धुऱ्यावर उभा. ‘दोन औषधं म्हणजे डबल फायदा’ म्हणून दोन्ही एकदम चोळली जातात. कार्बेन्डाझिमचं कामच बुरशी मारण्याचं आहे. आपली कोणती आणि वैऱ्याची कोणती, हे त्याला कळत नाही. बियाण्यावरचा ट्रायकोडर्मा तिथेच संपतो. पुढे रसायनाचा असरही ओसरतो आणि जमिनीतली मर मोकळी सुटते. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत झाडं माना टाकतात. उपटून खोड उभं चिरलं तर आत काळपट तपकिरी रेघ दिसते. मग सगळीकडे एकच बोलणं, ‘ट्रायकोडर्मात काही दम नाही.’ हा आरोप खोटा आहे.

बियाण्याला दोन्हीपैकी एकच लावा. घरचं बी असेल तर ट्रायकोडर्मा. बॅगेतलं बी लाल-गुलाबी असेल तर त्याला कंपनीतच रसायन लागलेलं असतं, लेबलवर नाव वाचा. अशा वेळी, आणि बीटी कपाशीलाही, ट्रायकोडर्मा जमिनीतून द्यायचा. एकरी १ किलो पावडर १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, पाणी शिंपडून सावलीत ओल्या गोणपाटाखाली ८-१० दिवस ठेवा, मध्ये एकदा खालीवर करा आणि शेवटच्या वखरपाळीआधी संध्याकाळी पसरवा. शेण कच्चं असेल तर ढीग तापतो आणि बुरशी मरते.

दुसरी चूक सोयाबीनची, आणि तिच्यात निव्वळ अधीरपणा आहे. सोयाबीनचं टरफल पातळ. बादलीभर कालवण ओतून हातानं खसाखसा चोळलं की टरफल सुरकुततं, सुटतं, डाळ होते. उगवण निम्म्यावर आली की दोष बियाण्याला. ३० किलो बियाण्याला पाणी सगळं मिळून २०० ते २५० मिली, त्याहून जास्त नको. पावडर किलोला ५ ग्रॅम, म्हणजे ३० किलोला १५० ग्रॅम. मर किंवा मूळकुजीचं जुनं दुखणं असलेल्या शेतात किलोला १० ग्रॅमपर्यंत जा. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम गूळ उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. कोमट पाण्यातही कालवू नका. लागेल तेवढंच गुळाचं पाणी घेऊन पावडरीचं पातळ कालवण करा आणि ताडपत्रीवर पसरलेल्या बियाण्यावर शिंपडा. मग दोघांनी ताडपत्रीची चार टोकं धरून बी इकडून तिकडे लोळवायचं. हात लावायची गरजच पडत नाही. प्रत्येक दाण्यावर फिकट थर दिसला की थांबा. सावलीत अर्धा तास पसरवा. दाणे हाताला चिकटत नाहीत, असं झालं की पेरायला घ्या. हरभऱ्याचं बी टणक, त्याला थोडं जास्त पाणी चालतं.

रायझोबियम (मुळांवर गाठी करून पिकाला नत्र देणारे जिवाणू) द्यायचं असेल तर ट्रायकोडर्मा सुकल्यावर, सगळ्यात शेवटी, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. सोयाबीनचं आणि हरभऱ्याचं रायझोबियम वेगळं असतं, पाकीट पाहून घ्या.

उन्हात वाळवू नका.

पुडी टिनाच्या खोलीत युरियाच्या पोत्यांवर ठेवू नका. मे महिन्यात अकोल्या-वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो आणि ही बुरशी २५ ते ३० अंशांत खूश असते. मार्चमध्ये सवलतीत मिळाली म्हणून घेतलेली पुडी जूनमध्ये कामाची राहील, याचा भरवसा नाही. पेरणीच्या आठवड्यातच घ्या, तारीख पाहून.

आदल्या रात्री सगळ्या बॅगा लावून ठेवू नका. सकाळी पाऊस आला की ओलसर बी पोत्यात तापतं. जेवढं दिवसभरात पेरून होईल तेवढंच लावा, तेही खरिपात ७५ ते १०० मिमी पाऊस पडून चांगली ओल झाल्यावर. कोरड्यात पेरलेल्या बियाण्यावर बुरशी तग धरत नाही.

लावलेलं बी आणि डीएपी किंवा २०:२०:०:१३ एकाच चाड्यात मिसळू नका. दाणेदार खत बियाण्यावरचा थर घासून काढतं आणि त्यातले क्षार बुरशीला आणि कोंबालाही जाळतात. दोन पेट्यांचं यंत्र नसेल तर खत आधी पेरून घ्या.

झाड सुकल्यावर बुडाशी ट्रायकोडर्मा ओतून ते परत उभं राहत नाही, खर्च वाया जातो. मरीची बुरशी पीक नसतानाही जमिनीत पाच-सहा वर्षं टिकते. त्यामुळे त्या तुकड्यात निदान तीन वर्षं हरभरा नको. पुढे लावालच तेव्हा मरीला दाद न देणारं जाकी ९२१८ किंवा विजय वाण घ्या, पण ट्रायकोडर्मा तेव्हाही लावा.