पेशंट पडू नये म्हणून वॉर्डात कोणी काय करायचं

इन्सिडंट फॉर्मवर एक वाक्य हमखास सापडतं: 'पेशंट न सांगता उठला आणि पडला.' खाली ड्यूटीवरच्या सिस्टरची सही, आणि विषय मिटला. पण या वाक्यात कारण कुठेच नाही. सत्तरीचे आजोबा रात्री अडीचला न सांगता का उठले, हे खोदायला गेलं की भलतंच निघतं. लॅसिक्सचा, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाचा, दुसरा डोस रात्री आठला लिहिलेला. युरिन पॉट धुवायला नेला तो परत आलाच नाही. बेलची वायर कॉटच्या मागे अडकलेली. मुलगा खाली चटईवर गाढ झोपलेला, त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. बाथरूमसमोरचा दिवा गेलेला, तक्रार रजिस्टरमध्ये पडून. डोसची वेळ डॉक्टरांकडे, पॉट मावशींकडे (वॉर्डातल्या मदतनीस; पुरुष असले तर मामा), दिवा मेंटेनन्सकडे. सही मात्र एकट्या सिस्टरची. पडणं थांबवायचं असेल तर आधी ही वाटणी नीट करावी लागते.

स्कोअर भरा, पण तिथे थांबू नका

मोठ्या माणसांच्या पडण्याचा धोका गुणांत मोजायला बहुतेक ठिकाणी मोर्स स्केल वापरतात. सहा प्रश्न असतात. आधी पडल्याचा इतिहास असेल तर २५ गुण. एकापेक्षा जास्त आजार असतील तर १५. काठी, कुबडी किंवा वॉकर असेल तर १५, आणि भिंत-टेबल धरून चालत असेल तर ३०. सलाईन किंवा हातात सुई असेल तर २०. चाल अशक्त असेल तर १०, बिघडलेली असेल तर २०. स्वतःला काय झेपतं याचं भान नसेल तर १५. बेरीज ४५ किंवा वर गेली की सहसा जास्त धोका धरतात. आधी एकदा पडलेल्या, बीपी-शुगर असलेल्या आणि सलाईन लावलेल्या आजींचे इथेच ६० होतात.

आकडा पेशंटला धरून ठेवत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शनात स्पष्टच म्हटलं होतं की दाखल पेशंटमध्ये धोक्याचा अंदाज बांधणाऱ्या स्कोअरवर विसंबू नका, ६५ च्या पुढच्या सगळ्यांनाच धोका आहे असं धरा आणि प्रत्येकाचं कारण शोधा. आपल्याकडे ऑडिटसाठी स्कोअर लागतोच, तेव्हा भरा. पण त्याच्या शेजारी एका ओळीत कारण आणि उपाय लिहा: 'उभं राहिल्यावर चक्कर, पॉट कॉटवरच' किंवा 'डावा पाय अशक्त, दोघांनी धरून'. अर्ध्या वॉर्डाच्या हातात धोक्याची खूण म्हणून पिवळा पट्टा असेल तर तो कुणाला दिसेनासा होतो. ही ओळ दिसते. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या १४ मेडिकल वॉर्डांत पेशंट आणि नातेवाइकांना सोबत घेऊन असा कारण-उपायांचा तक्ता कॉटजवळ लावला गेला. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि इजा होणाऱ्या पडण्यांचं ३४ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. तक्त्याला खर्च कागदाचा.

स्कोअर पेशंटला दाखल करताना काढायचा, आणि ऑपरेशननंतर, वॉर्ड बदलल्यावर, झोपेचं किंवा बीपीचं औषध बदलल्यावर आणि पडल्यावर पुन्हा काढायचा.

डॉक्टरांच्या पेनातलं

राऊंडला औषधांचा चार्ट या एकाच नजरेने एकदा बघा. लॅसिक्सचा दुसरा डोस दुपारी चारच्या आत संपवा; रात्री दिला की पेशंट रात्रभर बाथरूमच्या वाटेवर. झोपेसाठी सवयीने लिहिलेलं झोल्पिडेम, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम म्हाताऱ्या माणसाला खरंच हवं आहे का ते विचारा. मात्र रोज घेणाऱ्याचं ते एकदम तोडू नका. प्रॅझोसिन या बीपीच्या गोळीच्या पहिल्या डोसनंतर चक्कर येऊ शकते, ते सिस्टरला तोंडी सांगा. रात्रीचं सलाईन गरजेचं नसेल तर काढून नुसती सुई ठेवा. स्टँड ओढत बाथरूमला जाणं हा स्वतंत्र धोका आहे. चाकांचा स्टँड आधाराला धरला की तो पुढे पळतो आणि माणूस मागे राहतो.

चक्कर, अशक्तपणा किंवा बीपीची गोळी असेल तर झोपून ५ मिनिटांनी बीपी घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण सापडलं. तीनदा बीपी मोजायला वेळ नाही म्हणणाऱ्या युनिटला मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनला वेळ काढावा लागतो.

कॅथेटर (लघवीची नळी) काढायची ऑर्डर देताना एक लक्षात असू द्या: काढल्यावरची पहिली रात्र धोक्याची. लघवी वारंवार आणि घाईची होते. ती ऑर्डर मावशींपर्यंत पोचली पाहिजे.

मावशी आणि मामांचं काम

फरशी पुसण्यात पडण्याची कितीतरी बीजं असतात. पहाटे पाच ते सहा सगळे पेशंट तोंड धुवायला आणि बाथरूमला उठतात, आणि नेमका तेव्हाच पोछा फिरतो. वेळ बदला. पॅसेज अर्धा पुसायचा, कोरड्या मॉपने टिपायचा, मगच दुसरा अर्धा. चालायला एक कोरडी बाजू कायम राहिली पाहिजे. फिनाईल अंदाजाने ओतू नका, जास्त झालं की वाळल्यावरही फरशी बुळबुळीत राहते. 'फरशी ओली आहे' ही पाटी ज्या आजींना वाचता येत नाही किंवा चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांच्यासाठी नाही. स्टूल किंवा खुर्ची आडवी लावा. वाटेत पाणी, लघवी, सांडलेला चहा दिसला तर बघणाऱ्याने तिथेच उभं राहून हाक मारायची, मग तो कन्सल्टंट असो की कँटीनचा मुलगा.

कॉट हलवल्यावर ब्रेक लावला की हाताने ढकलून बघा. कॉटची उंची अशी हवी की कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय फरशीला टेकतील. जुन्या लोखंडी कॉटची उंची बदलत नाही, तिथे पायरी लागते. तिच्या चारही पायांचे रबरी बूट शाबूत आहेत का ते रोज उलटी करून बघा. एक बूट गेला तरी पायरी डुगडुगते. पायरी पेशंटच्या चांगल्या पायाच्या बाजूला ठेवा आणि नातेवाइकाची चटई दुसऱ्या बाजूला.

रेलिंगबद्दल एक गैरसमज घट्ट आहे. भान असलेल्या पेशंटला वरची दोन रेलिंग कुशीवर वळायला उपयोगी पडतात. गोंधळलेल्या पेशंटला चारही लावली की तो ओलांडायला जातो आणि कॉटवरून नव्हे, रेलिंगवरून पडतो, म्हणजे आणखी उंचीवरून. असा पेशंट सिस्टरच्या टेबलासमोर आणा, कॉट शक्य तितकी खाली घ्या, जवळ माणूस बसवा. हातपाय बांधणं हा पडण्यावरचा उपाय नाही. कॉटच्या अलार्मवरही फार भिस्त नको: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ वॉर्डांच्या चाचणीत अलार्मचा वापर वाढला, पडणं कमी झालं नाही.

विचारायचं कसं

'काही हवंय का?' असं विचारलं की आपली माणसं संकोचाने 'नको, नको' म्हणतात आणि दहा मिनिटांनी स्वतःच उठतात. म्हणून 'चला, लघवीला जाऊन येऊ' असंच म्हणा. दिवसा दर तासाला आणि रात्री दर दोन तासांनी कुणीतरी कॉटजवळ जावं: एक फेरी सिस्टरची, एक मावशींची. चार गोष्टी बघा. दुखतंय का, लघवी-संडास, अंग नीट टेकलंय का, आणि पाणी, चष्मा, बेल, मोबाईल हाताशी आहे का. रात्री दहाला दिवे घालवण्याआधी धोक्याच्या सगळ्या पेशंटना एकदा बाथरूमला नेऊन आणा, मग दोनच्या सुमाराला, मग पाचला.

बायका मामांना हाक मारत नाहीत, अवघडतात. फीमेल वॉर्डात रात्री मावशी नसेल तर पेशंट एकटीच जाते; ड्यूटीचा तक्ता लावताना हे धरायला हवं. बाळंतिणीचंही तसंच. त्या तरुण असतात म्हणून स्कोअरमध्ये सुटतात, पण रक्तस्राव झालेला, पोट रिकामं, आणि पहिल्यांदा उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. पहिली खेप कायम कुणीतरी सोबत, कडी न लावता. पाठीत भूल दिलेल्या कोणालाही उठवण्याआधी दोन्ही पाय सरळ उचलून दाखवायला सांगा.

उठवायची पद्धत सगळ्यांची एकच हवी. डोकं वर घ्या. पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा, घोटे दहा वेळा वरखाली. चक्कर विचारा. पाठीमागे पट्टा असलेली चप्पल घाला. नुसत्या मोज्यांवर टाइल म्हणजे घसरगुंडी. लुंगी, गाऊन किंवा परकर घोट्याच्या वर खोचा. अशक्त बाजूला, किंचित मागे उभे राहा आणि कमरेला धरा. दंड धरला तर पडताना खांदाच निखळतो. वॉकर असेल तर हात सरळ सोडल्यावर त्याची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. ही उंची फिजिओथेरपिस्टने लावून द्यायची. बाथरूममध्ये नळ, बेसिन आणि टॉवेलचा रॉड हे आधार नव्हेत. धोक्याच्या पेशंटला कमोडवर बसवून 'झालं की हाक मारा' म्हणून निघून जाऊ नका.

नातेवाईक बदलला की सूचना पुन्हा पहिल्यापासून. पासवर सही घेणं पुरत नाही. सोपं सांगा: 'बाबा उठायला लागले की आधी बेल, मग त्यांना कॉटवर बसवून ठेवा, आम्ही येईपर्यंत उभं करू नका.' आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या.

ड्यूटी बदलताना

कॉटजवळ उभं राहूनच हँडओव्हर द्या, आणि त्यात मावशी-मामांनाही घ्या. 'सात नंबर, नवीन झोपेची गोळी', 'बारा नंबर, आज कॅथेटर काढला' एवढं तरी. महिन्याचा हिशोब हजार पेशंट-दिवसांवर करा: सरासरी २४ कॉट भरलेल्या वॉर्डात ३० दिवसांचे ७२० पेशंट-दिवस, दोघं पडले तर प्रमाण २.८. पडता पडता वाचलेलेही नोंदवा. दोषारोप थांबवल्यावर सुरुवातीला हा आकडा वाढतो, कारण लपवलेलं बाहेर येतं. त्यावर मेमो काढलात तर पुढच्या महिन्यात आकडा छान दिसेल, एवढंच.

पडलाच तर

१. लगेच उचलू नका. श्वास, शुद्ध, रक्तस्राव बघा. डॉक्टरांना हाक मारा.

२. मान, पाठ, खुबा दुखतो का विचारा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडल्याचं धरा. बखोट्याला धरून ओढू नका. डॉक्टरांनी बघितल्यावर स्ट्रेचरवर किंवा चादरीवर चौघांनी सरळ उचला.

३. नाडी, बीपी, ग्लुकोमीटरने शुगर.

४. डोक्याला मार असेल किंवा पडताना कुणी पाहिलं नसेल तर शुद्ध आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघा: दर अर्ध्या तासाला दोन तास, मग दर तासाला चार तास, पुढे दर दोन तासांनी. वॉरफेरिन, हेपॅरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते पहिल्या वाक्यातच डॉक्टरांना सांगा.

५. नातेवाइकांना त्याच वेळी खरं काय ते सांगा.

पंधरा-वीस मिनिटांत, फरशी पुसली जाण्याआधी, ड्यूटीवरचे सगळे तिथेच जमा. कुठे निघाले होते, पायात काय होतं, दिवा होता का, शेवटची फेरी किती वाजता, शेवटचं औषध कोणतं. मग त्याच ड्यूटीत स्कोअर नव्याने काढा, चार्ट डॉक्टरांकडून बघून घ्या, कॉट टेबलासमोर आणा आणि रात्रीच्या मावशींना नंबर सांगून ठेवा.