पीसी-९८२१ चालू, पण मॉनिटर काळा: शेवटी दोन कळांवर सुटलं

लक्षण असं: तोक्योत सेकंडहँड घेतलेलं पीसी-९८२१, म्हणजे एनईसी या जपानी कंपनीचा जुना संगणक. चालू केलं की ‘पिपो’ असा सुरुवातीचा बीप वाजायचा, फ्लॉपी घरघरायची, म्हणजे गेम लोड होत होता. एलसीडीवर मात्र ‘आउट ऑफ रेंज’, आणि लगेच काळोख.

केबल बदलली. दुसरा मॉनिटर लावला. मशीन उघडून व्हिडिओ रॅम दाबून बसवली, तीही उगाचच. दोन शनिवार गेले, डोकं फिरलं.

मशीन ठणठणीत होतं. या मशीनवर डॉसचे जुने गेम ६४० × ४०० चं चित्र २४.८३ किलोहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला इतक्या हजार आडव्या ओळी) पाठवतात आणि आजचे बहुतेक मॉनिटर ३१ च्या खालचं काही घेतच नाहीत.

मग हे केलं. मशीन पूर्ण बंद. मूळ कीबोर्ड जोडला. स्पेसबारच्या डावीकडची जीआरपीएच (GRPH) कळ आणि वरच्या ओळीतला २, दोन्ही दाबून धरले आणि तसंच धरून पॉवर चालू केली. ‘पिपो’ झाल्यावरही लगेच सोडलं नाही, मेमरीची मोजणी दिसल्यावरच बोटं उचलली. चित्र ३१ किलोहर्ट्झवर आलं, अक्षरं अगदी कोरीव.

परत २४ वर जायचं तर २ ऐवजी १. हाताशी जुना सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीचा मॉनिटर असेल तर मी २४ च ठेवीन, त्या चित्राची मजा वेगळी.

याच घराण्यातल्या आधीच्या, जुन्या पीसी-९८०१ मशीनवर मात्र ही युक्ती शोधत बसू नका. तिथे २४ किलोहर्ट्झ घेणारा मॉनिटर किंवा कन्व्हर्टरच लागतो.