चारही चाकांना ताकद असली तरी बर्फात टायर वेगळेच लागतात

ऑल-व्हील-ड्राइव्हमुळे, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाल्यामुळे, गाडी बर्फातून सहज निघते, पण थांबताना या सोयीचा काही उपयोग नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. थांबणं ठरतं ते टायरच्या रबरावर. तापमान साधारण ७ अंशांखाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं, हिवाळी टायरचं मऊ राहतं.

हिवाळी टायर ओळखायला टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाचं चिन्ह बघा. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका, ते चाचणीशिवायही छापता येतं.

हिवाळी टायरसाठी वेगळा रिमचा संच घेणार असाल तर एक इंच लहान घ्या. उदाहरणार्थ, २२५/४५ आर १७ ऐवजी २०५/५५ आर १६ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). बाहेरचा व्यास जेमतेम २ मिलिमीटरने बदलतो, टायर अरुंद होऊन चिखलबर्फ कापतो, जाड बाजूमुळे खड्ड्यात रिमही वाचतो. शिवाय टायर स्वस्त! मात्र लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेकची डिस्क दाबणाऱ्या भागाला) घासत नाही ना, बोल्टचं अंतर आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतो ते माप) जुळतात ना, हे आधी तपासा. गाडीच्या पुस्तिकेत चालणारे आकार दिलेले असतात.

दोनच टायर बदलायचा मोह टाळा. पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल किंवा क्लच सतत घसटत राहतो, आणि ती दुरुस्ती चार टायरांपेक्षा महाग पडू शकते. नवीन चाकं बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा.