पुण्याला कधी यायचं? पाहुणे हमखास करतात त्या चुका टाळा

आमच्याकडे कोथरूडला पाहुण्यांची ये-जा वर्षभर चालू असते आणि फोनवर प्रश्न ठरलेला, "पुण्याची हवा काय छानच असते, कधीही आलो तरी चालेल ना?" मी स्पष्ट सांगते, नाही चालणार. काय बघायचंय ते आधी ठरवा, मग महिना ठरवा.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे शाळेला सुट्टी लागली की मे महिन्याचं रिझर्व्हेशन. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३८-४० पर्यंत जातो, शनिवारवाड्याच्या आत सावली शोधावी लागते आणि पर्वतीच्या १०३ पायऱ्या लहान पोरांना घेऊन चढवत नाहीत. पण मुलांमुळे मे शिवाय पर्यायच नसेल तर पर्वती सकाळी सातच्या आत उरका, दुपारी केळकर म्युझियमसारखं छताखालचं काहीतरी बघा आणि संध्याकाळी बाहेर पडताना छत्री घ्या, कारण वळीव चारनंतर कधीही गाठतो.

आता पाऊस. इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. टीव्हीवर लोणावळ्याचा धो धो पाऊस बघून पुण्याचं तिकीट कॅन्सल करतात, नाहीतर पुण्यातली भुरभुर बघून बिनधास्त घाटात जातात. सह्याद्री ढगांना अडवतो आणि बहुतेक पाऊस घाटमाथ्यावरच पडून जातो, त्यामुळे पुण्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर आणि जेमतेम ६५ किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चार हजारच्या वर! म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये शहर फिरायला काहीच हरकत नाही, पण सिंहगड, लोणावळा करायचं तर शनिवार-रविवार टाळा आणि घाटरस्ता चालू आहे का ते निघायच्या आधी बघा, दरड पडली की बंद असतो. आणि धबधब्यात उतरू नका, हे मी हात जोडून सांगते. ३० जून २०२४ ला भुशी डॅमजवळ एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. पाणी वरून एकदम वाढतं, खाली उभं राहून ते कळत नाही.

फक्त हवामान बघून तारीख काढणं ही पण चूकच. माझी आत्या नागपूरहून आली ती नेमकी पालख्या पुण्यात यायच्या दिवशी, स्टेशनवरून आमच्याकडे पोचायला अडीच तास लागले, सगळे रस्ते वळवलेले. ज्ञानोबा-तुकोबांच्या दोन्ही पालख्या इथे मुक्काम करतात, एक मग दिवे घाटातून सासवडला जाते, दुसरी लोणी काळभोरकडे. बघायचाच असेल तर सोहळा डोळे भरून येतील असा आहे, पण मग त्यासाठीच या, दोन दिवस मोकळे ठेवा, राहायला पेठांच्या जवळ बघा. गणपतीचंही तसंच, विसर्जन मिरवणूक २४ तासांच्या वर चालते, त्या दिवशी रात्रीची ट्रेन असेल तर दुपारीच स्टेशन गाठा. या तारखा तिथीवर असतात, मागच्या वर्षीची तारीख धरू नका, अधिक महिना आला तर सगळं बरंच पुढे सरकतं. आधी कालनिर्णय उघडा, मग तिकीट काढा.

साताऱ्याजवळच्या कास पठारावरची फुलं बघायची असतील तर सप्टेंबर धरा, ऑनलाइन बुकिंग करून जा. दिवाळीत आलेले पाहुणे "झाली का हो फुलं?" विचारतात तेव्हा वाईट वाटतं. ऑक्टोबर हीट पण खरी आहे, पाऊस थांबला म्हणजे गारवा आला असं होत नाही.

माझं मत विचाराल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव, पुढे हुरडा, भिगवणला फ्लेमिंगो, गडावर दुपारीसुद्धा चालवतं. चूक होते ती कपड्यांची. दुपारी ३० डिग्री बघून लोक हाफ बाह्यांचे शर्ट भरतात आणि पहाटे १० डिग्रीत कुडकुडतात, म्हातारी माणसं आजारी पडतात. एक स्वेटर आणि कानटोपी बॅगेत वरच ठेवा, स्टेशनवर पहाटे उतरणार असाल तर तिथेच लागेल.