पश्चिम टेक्सासचा जुना स्थलनिर्देशक नकाशा कसा वाचावा

पश्चिम टेक्सासमधल्या पर्मियन बेसिन या भागाचा कोरडा माळ आधी गुरांच्या रँचांचा. 28 मे 1923 रोजी सांता रिटा क्रमांक 1 या विहिरीतून तेल उसळलं आणि माळाचा नूर पालटला. हा पालट यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या, जुन्या नकाशांत घरबसल्या, फुकट बघता येतो.

1. यूएसजीएसच्या टोपोव्ह्यू संकेतस्थळावर विंक्लर काउंटीतलं विंक हे गाव शोधा. एकाच जागेचे वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे निवडा. 1:62,500 प्रमाणाचा नकाशा परिसर समजायला पुरतो, विहिरी मोजायच्या तर 1:24,000 चा हवा. गूगल अर्थमध्ये बघायचं असेल तर केएमझेड प्रकारची फाइल उतरवा, क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीसाठी जिओटिफ प्रकारची.

2. आता तारखा, आणि इथे घाई नको. नकाशाच्या नावाजवळचं वर्ष म्हणजे पाहणीचं वर्ष असेलच असं नाही. हवाई छायाचित्रं कधी घेतली, प्रत्यक्ष तपासणी कधी झाली, हे समासातल्या बारीक मजकुरात असतं. जांभळ्या रंगात काही दिसलं तर ती नंतरची भर. ती बहुतेकदा नुसत्या छायाचित्रांवरून, जागेवर न जाता घातलेली असते. ‘अमुक साली इथे विहीर होती’ असं म्हणण्याआधी हे बघाच.

3. खुणा. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात टोपोशीट हाताळली असेल तर तपकिरी समोच्च रेषा ओळखीच्या वाटतील. आतल्या बाजूला बारीक दाते असलेली बंद रेषा म्हणजे खोलगट जागा. तुटक निळी रेषा म्हणजे पावसापुरता वाहणारा ओढा. पवनचक्की आणि ‘टँक’, म्हणजे गुरांसाठीचं मातीचं तळं, या रँचच्या खुणा. छोटी काळी वर्तुळं तेलविहिरींची.

4. नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवा. जुने नकाशे बहुधा 1927 च्या उत्तर अमेरिकी डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या आधारचौकटीवर, आहेत. तो डेटम न बदलता नकाशे ठेवले तर विहिरी कित्येक मीटर सरकलेल्या दिसतात.

विंकच निवडण्याचं कारण: 1928 मध्ये खोदलेल्या आणि 1964 मध्ये बुजवलेल्या एका तेलविहिरीच्या जागी जून 1980 मध्ये जमीन खचून प्रचंड खड्डा पडला. 1980 च्या आधीच्या नकाशात खड्डा नसणारच, म्हणून तिथे विहिरीची खूण शोधा. 2009 नंतरच्या यूएस टोपो या यूएसजीएसच्या नव्या नकाशामालिकेवर मात्र यासाठी विसंबू नका. ती संगणकातल्या विदेवरून तयार होते आणि जुन्या नकाशांतल्या कित्येक बारीक खुणा तिच्यात नाहीत.